फंड चालवणारेच स्वतःच्या फंडात पैसे घालतात तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या वर्षी चवथीच्या आधी माशेलला गुंतवणुकीवरच्या एका बैठकीला गेले होते. बैठक आटोपल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक मोबाईल घेऊन जवळ आले. "बाय, हे जरा वाच." पडद्यावर एका म्युच्युअल फंड योजनेची जाहिरात होती आणि खाली ठळक अक्षरांत एक ओळ: आमच्या फंड मॅनेजरने स्वतःचे पैसे याच योजनेत गुंतवले आहेत. सरांनी पतसंस्थेतली मुदत ठेव मोडायचा अर्ज भरून ठेवला होता. खिशातच होता, चौपदरी घडी घातलेला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. स्वयंपाक करणारा ज्या पंगतीत जेवतो, त्या पंगतीत बसायला भीती कसली?

मी एवढंच विचारलं, की मॅनेजरने हे पैसे आपणहून घातलेत की घालावे लागलेत? ते जाहिरातीत नव्हतं आणि ती पाठवणाऱ्या एजंटालाही सांगता आलं नाही. दोन दिवसांनी मी शोधून काढलं. तो पगाराचा तेवढाच भाग होता, जो नियमाने देशातल्या बहुतेक फंड मॅनेजरना आपल्या योजनेत ठेवावाच लागतो. सरांनी अर्ज फाडला नाही, पण पतसंस्थेत दिलाही नाही.

फोंड्यात, साखळीत, म्हापशात हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो. दरडोई म्युच्युअल फंड गुंतवणुकीत गोवा देशातल्या वरच्या राज्यांत मोडतो, पण या विषयावर मराठीत वाचायला फार थोडं मिळतं. म्हणून ही उत्तरं सविस्तर लिहिली आहेत.

"आतली माणसं" म्हणजे नेमकी कोण?

फंड चालवणाऱ्या कंपनीला एएमसी म्हणतात. तिचे मुख्य कार्यकारी अधिकारी, संचालक, फंड मॅनेजर, संशोधन करणारे, शेअरची खरेदी-विक्री करणारे डीलर, नियम पाळले जातात का ते बघणारे कम्प्लायन्स ऑफिसर आणि फंडाचे विश्वस्त ही आतली माणसं. योजनेत काय चाललंय हे त्यांना आपल्याआधी कळतं. त्यांच्या नवऱ्या-बायकोचे किंवा त्यांच्यावर अवलंबून असलेल्या नातेवाइकांचे व्यवहारही नियमांच्या कक्षेत येतात, आणि ते योग्यच आहे. घरात एकाला कळलं की सगळ्यांना कळतं.

त्यांनी स्वतःच्या फंडात पैसे घालणं हे खरोखर चांगलं लक्षण आहे का?

आहे. फक्त ते किती चांगलं, हे पैसे कसे घातले त्यावर ठरतं.

दिवाडी किंवा चोडणची खाजन शेती पाहिली असेल तर हे लगेच कळेल. बांधाला मानस असते, म्हणजे पाणी अडवायची दाराची वाट. भरतीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून तिचं दार वेळेवर पडावं लागतं. दार सांभाळणाऱ्याचं स्वतःचं शेत बांधाच्या आत असेल, तर अमावास्येच्या रात्री तो उठून एकदा बघून येतो. शेत नसेल तरी तो काम करेलच, पण पाणी आत शिरलं तर बुडणारं पीक दुसऱ्याचं असेल. फंड मॅनेजरचं तसंच आहे. त्याचा पगार योजनेच्या आकारावर चालतो. योजना वाढली की कंपनीची फी वाढते, मग परतावा कसाही असो. स्वतःचे पैसे आत असले की त्याला आकाराइतकीच परताव्याचीही काळजी लागते.

मी तीन गोष्टी विचारते. पैसे स्वेच्छेने घातले का? त्याच्या ऐपतीच्या मानाने रक्कम किती? आणि बाहेर पडायचं त्याचं दार आपल्यासारखंच आहे का? पहिल्या दोन गोष्टी लोक विचारतात. तिसरी कोणीच विचारत नाही, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत मोठी.

मग सरांच्या जाहिरातीत खोटं काय होतं?

खोटं काहीच नव्हतं. अर्धं सांगितलं होतं.

२८ एप्रिल २०२१ रोजी सेबीने, म्हणजे शेअर बाजार आणि फंडांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, परिपत्रक काढलं. एएमसीच्या महत्त्वाच्या कर्मचाऱ्यांच्या मोबदल्यातला किमान २० टक्के भाग ते ज्या योजना सांभाळतात त्यांच्याच युनिटांच्या (योजनेतल्या हिश्श्यांच्या) रूपात द्यायचा, आणि ती युनिटं तीन वर्षं विकता येणार नाहीत. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे लागू झालं. गैरव्यवहार किंवा घोर निष्काळजीपणा सिद्ध झाला तर ही युनिटं परत घेण्याचीही तरतूद आहे. या धंद्यातली माणसं याला "स्किन इन द गेम" म्हणतात.

१ एप्रिल २०२५ पासून त्यात फरक झाला. वर्षाला २५ लाखांपेक्षा कमी मोबदला असलेल्यांना सक्ती उरली नाही. त्यावर मोबदल्याच्या टप्प्यानुसार १०, १४ आणि १८ टक्के असे दर आले, आणि कंपनीचे शेअर पगाराचा भाग म्हणून मिळत असतील तर दर थोडा जास्त. कनिष्ठ कर्मचाऱ्यांचा पगार सक्तीने अडकत होता, त्यांची सोय यात झाली. हा बदल मला पटतो. नव्याने लागलेल्या विश्लेषकाने घरभाडं भरायचं की युनिटं जपायची?

नियम चांगलाच आहे, पण नियमाने घातलेले पैसे सगळ्यांचेच सारखे. त्यावरून या मॅनेजरचा या योजनेवर विशेष विश्वास आहे, असं म्हणता येत नाही. सक्तीच्या रकमेपलीकडे कोणी आपल्या खिशातून घातले असतील, तर ती बातमी. म्हणून अशी ओळ दिसली की विचारा: नियमाच्या वर किती?

आणखी एक. ईटीएफ आणि इंडेक्स फंड (निर्देशांकासारख्या ठरलेल्या यादीमागे चालणारे) आणि ओव्हरनाइट फंड (एका रात्रीपुरते पैसे उसने देणारे) या सक्तीतून वगळले आहेत. तिथे मॅनेजरच्या हातात निवड फारशी नसते, त्यामुळे इंडेक्स फंडाच्या मॅनेजरने पैसे घातले नाहीत म्हणून बिचकू नका.

कंपनीसुद्धा आपले पैसे घालते म्हणतात. ते किती?

घालते. योजनेच्या रिस्कोमीटरवरच्या (जोखीम दाखवणाऱ्या तबकडीवरच्या) जोखमीनुसार योजनेच्या मालमत्तेच्या ०.०३ ते ०.१३ टक्के. एक हजार कोटींची, सर्वांत जास्त जोखमीची योजना असेल तर एक कोटी तीस लाख. ऐकायला मोठी रक्कम वाटते, पण दर शंभर रुपयांमागे तेरा पैसे.

एएमसीचा शेअर घेणं आणि योजनेचं युनिट घेणं एकच का?

नाही, आणि इथे खूप जण फसतात.

काही एएमसी स्वतः शेअर बाजारात नोंदलेल्या आहेत: एचडीएफसी एएमसी २०१८ पासून, यूटीआय एएमसी २०२० पासून, आदित्य बिर्ला सन लाइफ एएमसी २०२१ पासून. तिथल्या संचालकाने कंपनीचा शेअर घेतला, तर तो त्या धंद्यावर पैसे लावतोय. लोकांच्या एसआयपी वाढतील, फी येत राहील, नफा होईल, असा त्याचा हिशेब. तुम्ही ज्या योजनेत पैसे ठेवलेत ती चांगली चालेल, असं तो यातून सांगत नाही. दुकानाचा मालक होणं वेगळं आणि दुकानातला माल घरी खायला नेणं वेगळं. "संचालकांनी शेअर घेतले" अशी बातमी आली की आधी विचारा: कशाचे?

मुलगा जहाजावर आहे. तो म्हणतो, अमेरिकेत फंडाचे संचालक बाजारातून आपल्याच फंडाचे शेअर घेतात. ते वेगळं असतं का?

वेगळं असतं, आणि मुळातून समजून घेण्यासारखं आहे.

आपल्याकडचे बहुतेक म्युच्युअल फंड खुले असतात. तुम्ही पैसे दिले की फंड नवी युनिटं तयार करून देतो, काढले की ती रद्द करतो. भाव एकच, त्या दिवसाची एनएव्ही, म्हणजे आतल्या मालमत्तेची एका युनिटमागची किंमत. अमेरिकेत याच्या जोडीला बंद फंडांची जुनी परंपरा आहे. हे फंड सुरुवातीला एकदाच पैसे गोळा करतात. पुढे त्यांचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात इतर शेअरांसारखे हातोहात फिरतात. तुम्हाला घ्यायचे असतील तर विकणारा शोधायचा आणि विकायचे असतील तर घेणारा.

म्हणून या फंडांना दोन भाव असतात. समजा, आतल्या मालमत्तेची किंमत काढली तर शेअरला १० डॉलर भरते, पण बाजारात तो ९ डॉलरला मिळतोय. म्हणजे १० टक्के सूट, त्याला डिस्काउंट म्हणतात. ही सूट का पडते? कधी फंडाने दरमहा वाटायचे पैसे कमी केले म्हणून, कधी कर्ज काढून गुंतवणूक केली आणि व्याज महागलं म्हणून, कधी खर्च जास्त म्हणून, तर कधी नुसती भीती पसरली म्हणून.

अशा वेळी आतला माणूस बाजारात जाऊन स्वतःच्या खिशातून शेअर घेतो, तेव्हा तो दोन गोष्टी बोलतो: आतला माल खरा आहे, आणि बाजार त्याला कमी भाव देतोय. आपल्याकडच्या खुल्या फंडात यातली दुसरी गोष्ट बोलायला जागाच नाही, कारण तिथे आतल्याला आणि आपल्याला एकच एनएव्ही लागते, सूट मिळत नाही. तिथे आतल्यांच्या पैशांवरून त्यांचं हित आपल्या हिताशी बांधलंय एवढं कळतं. माल स्वस्त आहे की महाग, हे कळत नाही. अमेरिकेतल्या बातम्या वाचून आपल्या फंडांना तोच अर्थ लावणाऱ्यांचं नेमकं इथे चुकतं.

अशा खरेदीने फंडात एक डॉलरही नवा येत नाही. पैसे जातात शेअर विकणाऱ्याच्या खिशात. आपल्याकडे युनिट घेतलं की पैसे थेट योजनेत येतात. हा भेदही लक्षात असू द्या.

तिथे हे आपल्याला कळतं कसं?

अमेरिकेत १९३४ च्या शेअर बाजार कायद्याने संचालक, अधिकारी आणि १० टक्क्यांहून अधिक शेअर असलेल्या कोणालाही आपली खरेदी-विक्री जाहीर करावी लागते. १९४० च्या इन्व्हेस्टमेंट कंपनी कायद्याने हे बंधन बंद फंडांवरही आणलं, आणि तिथे फंडाच्या गुंतवणूक सल्लागारालाही ते लागू आहे. अर्जाचं नाव फॉर्म ४. २००२ पासून व्यवहार झाल्यावर दोन कामाच्या दिवसांत तो भरावा लागतो. एडगर नावाच्या सरकारी संकेतस्थळावर तो कोणालाही फुकट बघता येतो.

त्या अर्जात एक छोटा रकाना असतो, व्यवहाराच्या संकेताचा. तिथे "पी" असेल तर खरेदी, बहुधा खुल्या बाजारातली आणि स्वतःच्या पैशांनी. "ए" असेल तर कंपनीने दिलेले शेअर, म्हणजे खिशातून काही गेलं नाही. मथळा दोन्हींचा एकच येतो: संचालकाकडे इतके शेअर आले. मी आधी तो रकाना बघते आणि मग त्याच्याकडे एकूण शेअर किती झाले ते. मोठ्या पगाराच्या माणसाने पाचशे शेअर घेतले तर त्यात काही विशेष नाही.

१० टक्क्यांच्या मर्यादेमुळे आणखी एक घोळ होतो. काही मोठे गुंतवणूकदार मुद्दाम सूट पडलेल्या बंद फंडांत शेअर गोळा करतात. पुढे मतदान करून फंड खुला करायला किंवा शेअर परत विकत घ्यायला भाग पाडायचं, हा त्यांचा बेत असतो. बोआझ वाइनस्टीन यांची साबा कॅपिटल यासाठी प्रसिद्ध आहे. अशांचीही नोंद "आतल्यांची खरेदी" म्हणून होते, पण ते फंड चालवणारे नसतात. बऱ्याचदा चालवणाऱ्यांशी त्यांचं भांडणच चालू असतं.

तिथल्या साध्या म्युच्युअल फंडांच्या मॅनेजरना २००५ पासून स्वतःची गुंतवणूक टप्प्यांत सांगावी लागते: काहीच नाही, दहा हजार डॉलरपर्यंत, असं करत दहा लाख डॉलरच्या वर. हे एकेका मॅनेजरच्या नावासमोर असतं. आपल्याकडेही असंच नावानिशी असावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आपल्याकडे असे बंद फंड नव्हते का?

होते. युनिट ट्रस्टची १९८६ ची मास्टरशेअर योजना बाजारात नोंदली गेली होती. १९९४ च्या जानेवारीत मॉर्गन स्टॅन्ली ग्रोथ फंड आला तेव्हा अर्जांचाही काळाबाजार झाला. पुढे कित्येक वर्षं त्याचं युनिट एनएव्हीपेक्षा खूप कमी भावात फिरत राहिलं. त्या काळच्या गुंतवणूकदाराला डिस्काउंट समजावून सांगावा लागत नाही.

आतली माणसं पैसे काढतात तेव्हा काय समजायचं?

एकट्यादुकट्याने काढले तर घाबरू नका. मुलीचं लग्न, घर, आजारपण, सगळ्यांनाच असतं. पण दार बंद व्हायच्या आधी आतले निघून गेले, तर तो बाहेरच्यांवर अन्याय आहे.

२ जुलै २००१ आठवा. युनिट ट्रस्टच्या यूएस-६४ या योजनेतले पैसे काढणं सहा महिन्यांसाठी थांबवलं गेलं. १९६४ पासूनची योजना, मध्यमवर्गाची हक्काची ठेव. तिचा भाव आतल्या मालमत्तेवर ठरत नव्हता, जाहीर केला जायचा. त्याआधीच्या महिन्यांत मोठ्या कंपन्यांनी भरपूर पैसे काढून घेतले होते. ज्यांना लवकर कळलं ते जास्त भाव घेऊन गेले आणि खड्डा मागे राहिलेल्यांच्या वाट्याला आला.

दुसरी तारीख २३ एप्रिल २०२०. फ्रँकलिन टेम्पलटनने कर्जरोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या सहा योजना बंद केल्या, सुमारे २५ हजार कोटी रुपये अडकले. पुढे ते टप्प्याटप्प्याने परत मिळाले, हेही सांगायला हवं. पण बंद होण्याआधी आतल्या काहींनी पैसे काढले होते का, याची सेबीने चौकशी केली. तेव्हा एक मोठी फट सगळ्यांच्या लक्षात आली. शेअरमधल्या इनसायडर ट्रेडिंगविरुद्ध (आतली माहिती वापरून केलेल्या व्यवहारांविरुद्ध) २०१५ चे नियम होते, पण म्युच्युअल फंडाची युनिटं त्यांतून वगळलेली होती.

नोव्हेंबर २०२२ मध्ये नियम दुरुस्त झाले आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून लागू झाले. योजनेच्या एनएव्हीवर किंवा युनिटधारकांवर परिणाम करणारी, बाहेर न आलेली माहिती हाताशी असताना आतल्यांना त्या योजनेत व्यवहार करता येत नाही. अशी माहिती म्हणजे योजना बंद करणं, मालमत्तेचं मूल्यांकन बदलणं, एखाद्या रोख्याचे पैसे बुडणं. काही काळ त्यांना दारच बंद ठेवलं जातं. आणि आतल्यांची एकत्रित गुंतवणूक दर तिमाहीला शेअर बाजारांच्या मंचावर जाहीर करावी लागते. मी वर "बाहेर पडायचं दार" म्हटलं ते हेच.

आमच्या ओळखीचा एक जण एएमसीत आहे. तो म्हणाला, आम्ही सगळे घेतोय, तुम्हीही घ्या. घेऊ का?

आधीच जाहीर झालेल्या गोष्टीवर तो बोलत असेल तर ते एक मत समजा. जाहीर न झालेली काही गोष्ट सांगत असेल तर ऐकूच नका. ती सांगणं हा त्याचा गुन्हा आणि तिच्या जोरावर व्यवहार करणं हा तुमचा.

आतल्या माणसाने तरी आपलं सगळं स्वतःच्याच फंडात ठेवावं का?

ठेवू नये, आणि ठेवलं नाही म्हणून त्याला नावंही ठेवू नयेत.

२०१२ चा सप्टेंबर डिचोली-सत्तरीच्या माणसाला सांगावा लागत नाही. खाणी बंद झाल्या तेव्हा कितीतरी घरांत पगार खाणीचा, दारातला ट्रक कर्जावर घेतलेला आणि खाणीवरच चालणारा, आणि कपाटातले शेअरही खाणकंपनीचेच होते. तिन्ही एका दिवसात थांबले. माझ्या ओळखीच्या एका घरी अंगणातल्या टिपरवर निळी ताडपत्री घातलेली होती. तिच्यावर दोन पावसाळ्यांचं शेवाळ साचलं तरी हप्ता चालूच होता. फंड मॅनेजरचा पगार आणि बढती आधीच त्या फंडावर अवलंबून असते. त्याने उरलेले पैसे सोन्यात, जमिनीत किंवा बँकेत ठेवले तर तो शहाणपणा आहे.

म्हणून "सगळे पैसे घातलेत" असं कोणी सांगितलं की मला उलट काळजी वाटते. बरीच रक्कम, बरीच वर्षं, आणि बाजार पडला तेव्हाही काढली नाही, हे मला जास्त भरवशाचं वाटतं.

आणि तरीही फंड बुडू शकतो का?

हो. मनापासून पैसे घातलेला माणूसही चुकतो. प्रामाणिकपणा आणि पारख या दोन वेगळ्या गोष्टी. खर्चाचं प्रमाण, आतले शेअर किंवा रोखे, दहा वर्षांतली वाईट वर्षं आणि तुम्हाला पैसे कधी लागणार, हे बघितल्याशिवाय आतल्यांची खरेदी बघू नका.

एआयएफ (मोठ्या गुंतवणूकदारांचे खासगी निधी) आणि रीट (भाड्याच्या इमारतींत पैसे गुंतवणारे ट्रस्ट) यांत काय नियम आहे?

एआयएफच्या पहिल्या दोन वर्गांत चालवणाऱ्याने निधीच्या २.५ टक्के किंवा ५ कोटी, यांतलं जे कमी ते ठेवायचं. तिसऱ्या वर्गात ५ टक्के किंवा १० कोटी. रीटमध्ये प्रायोजकाला निदान १५ टक्के युनिटं तीन वर्षं धरावी लागतात.

हे मी स्वतः कुठे बघू?

सक्तीच्या गुंतवणुकीचे योजनावार आकडे जाहीर होतात. ते एकत्रित असतात, माणसाच्या नावाने नसतात. आतल्यांची तिमाही माहिती शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर मिळेल. एका तिमाहीचा आकडा एकटा फारसं काही सांगत नाही. चार तिमाहींचे आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहा, आणि त्यांच्याखाली योजनेची एकूण मालमत्ता. योजना वाढतेय पण आतल्यांची रक्कम घटतेय, असं दोन-तीन तिमाही सलग दिसलं, तर एएमसीला ईमेल करून कारण विचारा.

माशेलच्या सरांनी असा कागद केला आहे. वहीच्या मधल्या पानावर, पट्टीने रेघा मारून. पतसंस्थेची ठेव त्यांनी मुदत संपेपर्यंत तशीच ठेवली आणि नंतर त्यातली एक चतुर्थांश रक्कम फंडात घातली, दुसऱ्याच एका योजनेत. नवी तिमाही आली की आकडा वाचून दाखवायला त्यांचा फोन येतो.